दाण्यात आलेलं पाणी जातं कुठे?

ख्राइस्टचर्च शहराच्या नैर्ऋत्य कडेला हॉर्नबी नावाचं उपनगर आहे. गोदामं, कारखाने, एक मोठं बाजारसंकुल आणि मधून जाणारा मेन साउथ रोड. पर्यटक इथे मुद्दाम येत नाहीत. पण या रस्त्याने दक्षिणेकडे निघालं की थोड्याच वेळात शहर मागे पडतं आणि कँटरबरीचं मैदान सुरू होतं. न्यूझीलंडमधला बहुतेक गहू याच मैदानात पिकतो. एके काळी हॉर्नबीतूनच लिंकनकडे जाणारा रेल्वेचा फाटा फुटत असे. त्या लिंकनमध्ये १८७८ मध्ये शेतकी शिक्षणाची संस्था स्थापन झाली आणि गव्हाच्या जातींवर तिथे पिढ्यान् पिढ्या काम झालेलं आहे.

या मैदानावर एक वारा वाहतो. स्थानिक लोक त्याला नॉर्वेस्टर म्हणतात. समुद्रावरून आलेली ओली हवा सदर्न आल्प्स पर्वतरांगेला धडकते, आपलं पाणी पश्चिमेच्या उतारावर टाकते आणि पूर्वेला उतरताना तापून कोरडी होते. सह्याद्रीचा घाटमाथा आणि त्यामागचे माण-खटाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना पर्जन्यछाया समजावून सांगायला नको. ख्राइस्टचर्चला वर्षाला जेमतेम ६०० ते ६५० मिलिमीटर पाऊस पडतो. नॉर्वेस्टर सुटला की गव्हाच्या पानांमधून पाणी भराभर उडून जातं. ते पानातून उडतं म्हणून खालचं पाणी वर ओढलं जातं. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की मुळापासून पानापर्यंतचा अख्खा धागा ताणला जातो, तुटत नाही. डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ साली मांडलेला हा विचार आज सर्वमान्य आहे. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी १९२३ च्या ग्रंथात वेगळं सांगितलं होतं: खोडातल्या जिवंत पेशी स्पंदन पावतात आणि पाणी वर ढकलतात. ते मत पुढे टिकलं नाही. झाडाच्या आतलं पाणी झाड जिवंत असताना पाहिलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह मात्र अगदी बरोबर होता.

पानातलं पाणी हवेत जातं, हे आपण शाळेत शिकतो. मला जास्त कुतूहल वाटतं ते दाण्याचं.

गहू चिकात येतो तेव्हा दाण्यात साखर येऊन पडत असते. ती कोरडी येत नाही, पाण्यात विरघळून येते. रसवाहिन्यांतल्या, म्हणजे फ्लोएममधल्या, रसात साधारण पाचवा हिस्सा साखर धरली, तर ४० मिलिग्रॅम सुक्या वजनाचा एक दाणा भरायला सुमारे २०० मिलिग्रॅम रस लागेल. त्यात १६० मिलिग्रॅम पाणी. दाण्याच्या पोटात एका वेळी फार तर ४० मिलिग्रॅम पाणी मावतं. मग उरलेलं १२० मिलिग्रॅम गेलं कुठे? दाणा तुसात गुंडाळलेला, त्याची साल मेणचट. पानाला पाणी सोडायला लाखो रंध्रं असतात, दाण्याला तशी सोय नाही.

हा हिशेब शेतभर करून पाहा. हॉर्नबीहून तास-सव्वा तासाच्या अंतरावर ॲशबर्टनजवळ वाकानुई इथे एरिक वॉटसन या शेतकऱ्याने २०२० साली हेक्टरी १७.३९८ टन गहू काढला आणि तो त्या वेळी जागतिक विक्रम ठरला. जगाची सरासरी साडेतीन टनांच्या आसपास आहे. एवढ्या पिकात एका हेक्टरवर पस्तीस कोटींहून जास्त दाणे असतील, आणि त्या सगळ्यांतून मिळून चाळीस टनांहून अधिक पाणी दाण्यात येऊन पुन्हा बाहेर गेलेलं असेल. आपल्या दुष्काळी गावांत येतात तसले चार टँकर भरतील इतकं पाणी, गव्हाच्या दाण्यांच्या पोटातून! आकडा ढोबळ आहे, पण कोडं खरं आहे.

कोडं अवघड व्हायला आणखी एक कारण होतं. झी आणि ओब्रायन यांनी १९७० मध्ये दाखवलं होतं की गव्हाच्या दाण्याच्या बुडाशी जलवाहिन्यांची, म्हणजे झायलेमची, सलग नळी नसते. तिथे ती खंडित होते आणि निराळ्याच घडणीच्या पेशी मध्ये येतात. म्हणजे पाणी परत जाण्याचा जो रस्ता वाटत होता, त्याच्या तोंडाशीच अडथळा. साखरेबरोबर आलेलं पाणी जलवाहिन्यांतून मागे फिरत असणार, असं जर्मन वनशास्त्रज्ञ अर्न्स्ट म्यूंख यांनी १९३० मध्ये म्हटलं होतं. तर्क सुंदर होता. तो तपासणार कसा?

दाणा कापून पाहावा, तर कापल्याक्षणी सगळं थांबतं. ताणलेला पाण्याचा धागा सुटतो, जलवाहिनीत हवा शिरते, रसवाहिनी आपली भोकं बंद करून घेते. सुई टोचली तरी तेच. रंग सोडला तर रंग कुठवर गेला ते कळतं, पण पाणी कोणत्या वेगाने गेलं आणि त्यातलं किती परत फिरलं, ते नाही. झाडाच्या वाहिन्या हात लावणाऱ्याला खोटं उत्तर देतात. म्हणून हवी होती ती न शिवता पाहण्याची रीत.

ती रीत पाण्यातच दडलेली होती. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि हायड्रोजनचं केंद्रक, म्हणजे एकटा प्रोटॉन, हा एक अतिसूक्ष्म चुंबक आहे. त्याला चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की तो क्षेत्राच्या दिशेभोवती गिरकी घेऊ लागतो. किती वेगाने? १ टेस्ला क्षेत्रात सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख वेळा. क्षेत्र दुप्पट केलं की वेगही दुप्पट. या नात्यात कुठेही सूट नाही, आणि सगळं तंत्र त्यावरच उभं आहे. योग्य कंप्रतेची रेडिओलहर सोडली की हे प्रोटॉन एका तालात गिरक्या घेतात आणि स्वतःच एक क्षीण रेडिओलहर परत पाठवतात. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की चुंबकीय क्षेत्र जर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे थोडं थोडं वाढवत नेलं, तर प्रत्येक जागचा प्रोटॉन वेगळ्या कंप्रतेने उत्तर देतो. कंप्रता हाच पत्ता. त्यातून चित्र उभं राहतं. रुग्णालयातलं एमआरआय ते हेच. त्यासाठी लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं.

ही लहर किती क्षीण असते, याचा अंदाज घ्यायला हवा. १ टेस्लाच्या क्षेत्रात, नेहमीच्या तापमानाला, एका दिशेचे प्रोटॉन विरुद्ध दिशेच्या प्रोटॉनांपेक्षा दहा लाखांत जेमतेम तीन-चार जास्त असतात. बाकी सगळे एकमेकांना रद्द करतात. आपण ऐकतो ते त्या तीन-चारांचं. तरी ऐकू येतं, कारण पाण्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये ६७ वर १८ शून्यं इतके प्रोटॉन असतात.

चित्र मिळालं, पण हालचाल कशी दिसावी? इथे जी युक्ती वापरतात, ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. मैदानात लेझीमचं मोठं पथक उभं आहे, रांगांमागे रांगा, सगळ्यांचा ठेका एक. हुकूम होतो: क्षणभर मागच्या रांगांनी जलद खेळायचं, पुढच्यांनी सावकाश. प्रत्येक रांगेचा ठेका आपापल्या जागेनुसार सरकतो. मग पुन्हा सगळे सारख्या लयीत. थोड्या वेळाने नेमका उलटा हुकूम, तितकाच वेळ: मागच्यांनी सावकाश, पुढच्यांनी जलद. जो आपल्या रांगेत उभा राहिला त्याचा हिशेब फिटतो, तो पुन्हा मूळ ठेक्यावर येतो. मधल्या वेळात जो मागून पुढे सरकला, त्याचा ठेका मात्र पुढे गेलेलाच राहतो. जो पुढून मागे गेला, त्याचा मागे पडलेला. किती पुढे, किती मागे, यावरून तो किती सरकला ते कळतं. आणि जर लोक एका दिशेने न जाता नुसतेच इकडेतिकडे भरकटले असतील, तर कुणाचा ठेका पुढे, कुणाचा मागे, आणि एकूण नाद फिका पडतो. म्हणजे एकाच प्रयोगातून दोन गोष्टी वेगळ्या होतात: ठेका एकसाथ सरकला तर प्रवाह, नाद फिका पडला तर विसरण. पथकाच्या जागी प्रोटॉन घाला आणि हुकुमाच्या जागी उतरत्या-चढत्या चुंबकीय क्षेत्राचे दोन ठोके. स्टेजस्काल आणि टॅनर यांनी ही रीत १९६५ मध्ये पक्की केली.

विसरणसुद्धा फार बोलकं असतं. मोकळ्या पाण्यातला रेणू सेकंदाच्या दहाव्या भागात सरासरी २० मायक्रोमीटर भरकटतो, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. वनस्पतीच्या पेशीही साधारण याच मापाच्या असतात. म्हणजे तेवढ्या वेळात रेणू पेशीच्या भिंतीला धडकून परत येतो. भरकटणं किती आखडलं, हे मोजलं की पेशी न पाहता तिचं माप सांगता येतं, तेही दाण्याला धक्का न लावता.

आता न्यूझीलंडकडे परत येऊ, कारण या रीतीला सूक्ष्मदर्शकाच्या पातळीवर नेणाऱ्यांमधला एक मोठा माणूस तिथलाच. पॉल कॅलाहन. जन्म १९४७, व्हांगानुई. पामर्स्टन नॉर्थच्या मॅसी विद्यापीठात त्यांनी काम केलं. शेतीच्या प्रदेशातलं हे विद्यापीठ, त्यामुळे अत्यंत अमूर्त भौतिकशास्त्र करणाऱ्या या माणसाने गव्हाचा दाणा हाती घ्यावा, यात नवल नाही. १९७९ मध्येच त्यांनी जॉली आणि लेलिएव्र या सहकाऱ्यांबरोबर गव्हाच्या दाण्याच्या गरात पाणी कसं भरकटतं, ते मोजून प्रसिद्ध केलं होतं. रुग्णालयातल्या यंत्रांना मिलिमीटरचं दिसतं. कॅलाहन आणि क्रेग एकल्स यांनी अशी साधनं घडवली की मिलिमीटरचे कितीतरी भाग करून पाहता यावं. १९९१ मध्ये आलेला कॅलाहन यांचा चुंबकीय अनुस्पंदन सूक्ष्मदर्शनावरचा ग्रंथ या विषयाचा पायाभूत ग्रंथ मानला जातो.

आणि १९८८ मध्ये ‘नेचर’ मध्ये एक लेख आला. लेखक चौघे: ऑस्ट्रेलियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ जेनर, आणि यांग शिया, एकल्स व कॅलाहन. विषय, गव्हाच्या दाण्यातलं पाण्याचं अभिसरण. दाण्याच्या पोटावर जी लांब खाच असते, तिच्या आतून वाहिन्या जातात. तिथल्या पाण्याच्या हालचालीचा नकाशा त्यांनी मांडला. पाणी नुसतं येऊन साचत नव्हतं, दाण्यात ते फिरत होतं. जे आजवर वजनं करून, वाळवून, वजाबाकी करून अनुमानाने सांगावं लागत होतं, ते आता वाढत्या दाण्याच्या आत डोकावून पाहता येत होतं. गेल्या दहा-बारा हजार वर्षांत माणसाने गव्हाइतकं दुसरं कोणतं धान्य हाताळलं असेल? आणि त्याच्या पोटातला हा फेरा आपल्याला १९८८ मध्ये पाहता आला.

पुढचं पाऊल एरंडावर पडलं. १९९७ मध्ये कोकेनबर्गर, कॅलाहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एरंडाच्या कोवळ्या रोपात वर जाणारा आणि खाली येणारा, असे दोन्ही प्रवाह एकाच वेळी मोजले. दोन्हींचा वेग निघाला सेकंदाला सुमारे अर्धा मिलिमीटर. म्हणजे तासाला जवळजवळ दोन मीटर! आपल्या परसातल्या एरंडाच्या देठात, वरून कसलीही चाहूल न लागता, पाण्याचे दोन प्रवाह शेजारी शेजारी उलट दिशांना धावत असतात. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या विंट, व्हान आस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पॉप्लर, एरंड, टोमॅटो आणि तंबाखू यांची तुलना केली. त्यांना आढळलं की जलवाहिन्यांतला वेग झाडागणिक खूप वेगळा असतो, पण रसवाहिन्यांतला वेग मात्र सगळीकडे सेकंदाला ०.२५ ते ०.४० मिलिमीटरच्या आसपासच राहतो. वृक्ष असो की रोपटं, साखर वाहून नेण्याची चाल जवळपास सारखी. असं का असावं, याचा विचार करताना रात्र सरेल.

झाडाला एमआरआयमध्ये ठेवणं सोपं मात्र नाही. रुग्ण आडवा झोपतो. झाडाला आडवं करून चालत नाही, म्हणून यंत्राची पोकळी उभी लागते. आत प्रकाश, ओलावा, वारा यांची सोय करावी लागते, नाहीतर झाड पाणी ओढणंच थांबवतं. मातीत लोहाचे कण असले तर चित्र विस्कटतं. पानाच्या आत हवेच्या इतक्या पोकळ्या असतात की पाणी आणि हवा यांच्या सीमांवर चुंबकीय क्षेत्र वेडंवाकडं होतं. म्हणून खोड आणि फळं यांची चित्रं चांगली निघतात, पानांची अवघड जातात.

त्याच हवेमुळे एक मोलाची गोष्ट मात्र दिसते. उन्हाळ्यात ताण फार वाढला की पाण्याचा धागा कुठेतरी तुटतो आणि त्या नळीत हवेचा बुडबुडा भरतो. मिलबर्न आणि जॉन्सन यांनी १९६६ मध्ये एरंडाच्या देठात या तुटण्याची कंपनं टिपली होती. एमआरआयमध्ये पाण्याने भरलेली नळी उजळ दिसते आणि हवा भरलेली काळी. २००१ मध्ये होलब्रुक आणि सहकाऱ्यांनी जिवंत द्राक्षवेलीत नळ्या काळ्या होताना आणि पुढे पुन्हा भरून उजळ होताना पाहिल्या. न्यूझीलंडमध्ये क्लिअरवॉटर आणि क्लार्क यांनी २००३ मध्ये काष्ठमय वेलींच्या नळ्यांत पाणी आहे की हवा, हे याच रीतीने तपासलं. ताण असतानाही नळी पुन्हा भरते का, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे. मला तो वाद फार महत्त्वाचा वाटतो, कारण दुष्काळातून झाड परत उभं राहतं की नाही, ते इथेच ठरतं.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. प्रोटॉनना गिरकी घ्यायला यंत्रच लागतं असं नाही. पृथ्वी स्वतः चुंबक आहे. ख्राइस्टचर्चच्या परिसरात तिचं क्षेत्र इतकं आहे की तिथल्या गव्हातले प्रोटॉन सेकंदाला सुमारे २४०० गिरक्या घेतात. पुण्यात हा आकडा १८०० च्या आसपास पडतो. या कंप्रता माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या टप्प्यातल्या आहेत. कॅलाहन १९९० च्या दशकात अंटार्क्टिकाला गेले आणि समुद्रावरच्या बर्फातलं खारं पाणी त्यांनी पृथ्वीच्याच क्षेत्रात मोजलं. २००४ मध्ये त्यांनी मॅग्रिटेक ही कंपनी काढली. विद्यार्थ्यांना पृथ्वीच्या क्षेत्रावर चालणारं एमआरआय यंत्र मिळू लागलं ते तिच्यामुळे. २०११ मध्ये त्यांना ‘न्यूझीलंडर ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला आणि २०१२ च्या मार्चमध्ये ते गेले. पृथ्वीचं हे क्षेत्र मोजण्याच्या बाबतीत ख्राइस्टचर्च आणि मुंबई यांची कहाणी मात्र जुळी आहे: दोन्ही शहरांत विजेच्या ट्राम येताच चुंबकीय वेधांत अडथळा येईल, हे उघड झालं, आणि वेधशाळेचं काम शहराबाहेर न्यावं लागलं. तिकडे अँबर्लीला, इकडे १९०४ मध्ये कुलाब्याहून अलिबागला.

गव्हाच्या दाण्याचं कोडं परदेशी राहत नाही, ते थेट नाशिकला येऊन पोचतं. द्राक्षाच्या मण्यातही साखर पाण्याबरोबरच येते. मणी पिकायला लागल्यावर त्यात येणारं बरंचसं पाणी रसवाहिन्यांतून येतं आणि जास्तीचं पाणी जलवाहिन्यांतून मागे वेलीत जातं, असं मार्कुस केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं. गोडी छाटणीपासून जपलेला घड अवकाळी पावसाने एका रात्रीत तडकतो, तेव्हा मण्यात आलेलं पाणी आणि मण्यातून गेलेलं पाणी यांचाच हिशेब चुकलेला असतो. हापूसच्या साक्याचंही तसंच. आंबा वरून निर्दोष आणि कापल्यावर आत पांढरा, स्पंजासारखा भाग. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये क्ष-किरणांनी न कापता साका ओळखून दाखवला होता. न्यूझीलंडमध्ये ब्रेबर्न सफरचंद आतून तपकिरी कसं पडतं, ते १९९९ मध्ये एमआरआयने पाहिलं गेलं. क्ष-किरण घनता दाखवतात. पाणी कुठून कुठे चाललं आहे, हे एमआरआय दाखवू शकतं.

महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत, आणि प्रत्येकाच्या परिसरातलं पीक पाण्याच्या एका ना एका कोड्यात अडकलेलं आहे. माणसांसाठी एमआरआय यंत्रं जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली आहेत. राज्यात उभ्या पोकळीचं एक तरी यंत्र निव्वळ झाडांसाठी राखलेलं असावं, आणि त्यात पहिल्यांदा नाशिकची द्राक्षवेल ठेवली जावी. हे काम करायला भौतिकशास्त्र आणि शेती दोन्ही जाणणारी मुलं लागतील. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्याला किंवा तिला या वाटेवर पाठवा.